राजाची प्रॉक्सी

१

भाईंदर पश्चिमेला एका शाळेचा हॉल आहे. संध्याकाळी सात वाजले की तिथे आमच्या नाट्यमंडळाची जुनी खोडं जमायची, चहा प्यायची, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायची आणि मग इंग्लंडचं राज्य चालवायला घ्यायची.

मी एकवीस वर्षांचा. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलेला. मला कुणी काढलं नाही, मीच सोडला. शिकवणारे स्वतःच्या पिवळ्या पडलेल्या वह्या वाचून दाखवायचे आणि आम्ही त्या उतरवून घ्यायच्या, यापेक्षा झोप बरी. घरी लोळतो म्हणून बाबा म्हणाले, "तालमीला चल. प्रॉक्सी तरी देशील."

नाटकवाल्यांची प्रॉक्सी म्हणजे जो आला नाही त्याच्या जागी उभं राहायचं, त्याची वाक्यं वाचायची. तो आला की बाजूला व्हायचं. सोपं काम. फक्त आमच्या मंडळाची एक रीत होती. तालीम संपली की पंढरीनाथकाका प्रॉक्सीच्या समोर येऊन त्याचं नाव घ्यायचे. "रोशन, ऊठ." त्याआधी जागा सोडायची नाही. उभा असलास तरी 'ऊठ'च म्हणणार. दुसऱ्याच्या जागेवरच्या माणसाला त्याच्या स्वतःच्या नावानं मोकळं करायचं, असं काहीतरी. नारळ, उदबत्ती, नटराज आणि हे. मला हसू यायचं.

पंढरीनाथकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त. नाटक त्यांनीच लिहिलेलं, दिग्दर्शन त्यांचंच, आणि कौतुकही बहुतेक तेच करायचे. विषय इंग्लंडचा सहावा हेन्री. पाळण्यात असताना राजा झाला. भला, देवभोळा आणि राज्य चालवायला शून्य. एक दिवस बसल्या जागी गप्प झाला तो वर्ष उलटलं तरी बोलला नाही. मधल्या काळात मुलगा झाला. राणीनं तान्हं पोर समोर धरलं, यानं नजर खाली वळवली. पुढे एडवर्ड नावाच्या तरण्याताठ्या भाऊबंदानं गादी घेतली, हेन्री किल्ल्यात कैद. मग काही सरदारांचं एडवर्डशी बिनसलं. त्यांनी याला कोठडीतून काढलं, लंडनच्या रस्त्यांतून फिरवलं आणि परत गादीवर बसवलं. सहाएक महिने. मग पुन्हा एडवर्ड, पुन्हा कोठडी. त्या कोठडीतून तो जिवंत बाहेर आला नाही.

"काका, भाईंदरला याचं काय?" मी विचारलं होतं.

"बसवणारे महत्त्वाचे, रोशन," काका म्हणाले. "बसणारा कोण, हे कुणी बघत नाही. हे सरदारांचं नाटक आहे."

हेन्रीचं काम माझे बाबा करत होते. गुणवंत हे त्यांचं नाव. बँकेतल्या सुचेताताई राणी. बबनकाका एडवर्ड, केसांना काळा रंग आणि पोट पट्ट्यात कोंबलेलं. त्यांना तरणाताठा म्हणायला इंग्लंडएवढ्या लांबूनच बघायला हवं.

२

दुसऱ्या अंकात राजाला एकही वाक्य नाही. तो फक्त बसतो. राणी रडते, सरदार भांडतात, आणि राजा तपकिरी शाल पांघरून खुर्चीत.

बाबांचा त्यात हात धरणारा कुणी नव्हता. का असेल? घरी वीस वर्षांचा सराव. मी दहावी पास झालो तेव्हा "बरं" म्हणाले. डिप्लोमा सोडला तेव्हाही "बरं". परळ सोडून इथे आलो, आईनं सामान आवरता आवरता रडून घेतलं, तेव्हा हे खिडकीतून मिठागरं बघत होते. मी लहान असताना वाटायचं, हा माणूस काहीतरी मोठं ठरवतोय मनात. मोठा झाल्यावर कळलं, काहीच ठरवत नाहीये.

घोळ तिसऱ्या अंकात होता. गादी परत मिळाल्यावर हेन्रीचं मोठं भाषण आहे. बाबा तिथे अडकायचे. रोज त्याच ठिकाणी. एका संध्याकाळी पंढरीनाथकाकांनी सगळ्यांसमोर संहिता आपटली.

"गुणवंत, तुला तोंड दिलंय की नाही देवानं? का नुसती बसायची मूर्ती घडवली? राहू दे. मी दुसरा बघतो."

बबनकाका हसले. सुचेताताई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. बाबांनी शाल काढली, घडी केली, खुर्चीच्या हातावर ठेवली आणि निघाले. रस्त्यात मी काकांना मनसोक्त शिव्या घातल्या. बाबा माझ्या पुढे चालत राहिले.

घरी येऊन खिडकीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. सकाळी उठलो तर तिथेच होते.

३

आधी वाटलं राग आहे. मग आईनं घास भरवला तेव्हा तो तोंडातच राहिला. तिनं हनुवटी वर केली, तेव्हा गिळला. मीरा रोडला बेव्हर्ली पार्कमधल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले डिप्रेशन, गोळ्या देतो, वेळ लागेल. वेळच नव्हता. बाबा वरसाव्याजवळ औषधांच्या गोदामात होते. तिथल्या मॅनेजरचा फोन आला: पुढच्या सोमवारपर्यंत आले नाहीत तर माणूस बदलतो.

"तू तरी काहीतरी कर रे," आई म्हणाली. "त्या पंढरीनाथांना सांग, नावापुरतं तरी घ्या परत. त्या नाटकात ह्यांचा जीव होता."

"जीव? आई, त्यांचा जीव असलेला मी कधी बघितला नाही."

"तू कुठे बघतोस कुणाकडे," ती म्हणाली.

मी तिरमिरीत निघालो. ठरवलं होतं, त्या म्हाताऱ्याची कॉलर धरायची. हॉलच्या दारात पोचलो तेव्हा दुसरा अंक चालू होता. सुचेताताई जमिनीवर बसून राजाला विनवत होत्या, "स्वामी, एकदा याच्याकडे बघा, तुमचा मुलगा आहे." खुर्चीत शाल पांघरून कुणीतरी बसलं होतं. मला पाठ दिसत होती. मान किंचित डावीकडे. नवीन माणूस मिळाला तर, असं वाटून मी आणखी पेटलो.

काकांनी मला बघितलं, ओठांवर बोट ठेवलं आणि जवळ येऊन कानात म्हणाले, "बघ, तुझ्या बापाला घेतलं परत. खूश?"

"कुणाला?"

"गुणवंताला. अरे, काय बसतोय! आधी नुसता बसायचा, आता बघवत नाही असा बसतो."

मी त्या पाठीकडे बघत राहिलो. खांदे बाबांचे होते. डावा जरा उतरलेला.

मी घरी धावत आलो. बाबा खिडकीत. मान किंचित डावीकडे.

"बाहेर गेले होते का?"

"कुठले जातायत," आई म्हणाली. "दुपारपासून मांडी पण बदलली नाही."

४

मी काही खुळा नाही. रात्रभर विचार केला. आईचा डोळा लागला असेल, हे मागच्या गल्लीतून गेले असतील, माझ्या आधी रिक्षानं परत आले असतील. पण चप्पल दाराशी होती आणि तिच्यावर धूळ होती. मग वाटलं, काकांनी बाबांच्या अंगकाठीचा माणूस आणला असेल आणि थट्टा करत असतील. या लोकांना थट्टा म्हणजे काय तेही धड कळत नाही, तेव्हा शक्य आहे.

दुसऱ्या दिवशी तालमीआधीच गेलो. काकांनी माझ्यासमोर कुलूप काढलं. दिवे लावले. खुर्चीत तो बसलेला होता.

"काका, किल्ली कुणाकुणाकडे असते?"

"माझ्याकडेच." त्यांनी खिशावर हात मारला.

"मग हे आत कसे आले?"

"आम्ही येतो तेव्हा असतो तो. शिस्त म्हणतात याला. तुम्हा पोरांना नाही कळायचं."

"कधीपासून?"

काका आठवायला लागले. "तू आणि तो गेलात ना त्या दिवशी, त्यानंतर खुर्ची मोकळी कशी ठेवणार? सुचेताला कुणाशी तरी बोलावं लागतं. म्हणून लोड ठेवला, वर शाल टाकली. दोन-तीन तालमी तशा काढल्या. मग एक दिवस आलो तर गुणवंत स्वतःच येऊन बसलेला."

"आणि लोड कुठे गेला?"

"असेल कुठेतरी."

"त्या लोडाला तालमीनंतर 'ऊठ' म्हणालात?"

काका खो खो हसले. "लोडाला नाव असतं का रे?"

मी मोबाइल काढला, घरी फोन लावला आणि बोलत बोलत खुर्चीच्या पुढच्या बाजूला गेलो. शाल कपाळावरून पुढे आली होती, तोंड सावलीत. एक हात मांडीवर.

"आई, बाबा कुठेत?"

"हे काय समोर. का रे?"

"त्यांना हात लाव."

"आता काय नवीन—"

"लाव ना! खांद्याला."

माझ्यासमोर शालीचा डावा खांदा दबला. गादीवर हात ठेवला की दबते तसा, पाच बोटांएवढा, आणि तसाच दबलेला राहिला.

"लावला," आई म्हणाली. "गार लागतायत जरा. रोशन? काय झालं?"

मी मांडीवरच्या हाताकडे बघत होतो. बाबांचाच हात. गोदामाच्या शटरखाली सापडून वाकडं झालेलं मधलं बोटही तसंच. फक्त सांध्यांवर सुरकुत्या नव्हत्या. एकाही बोटावर नाही. कातडी एकसारखी ताणलेली, आतून ठासून भरल्यासारखी.

"काका," मी म्हणालो, "इकडे या. हा हात बघा."

काका आले नाहीत. ते लांबूनच म्हणाले, "रोशन, नाटक बसतंय. बसू दे."

५

माझं गणित साधं होतं. खरा माणूस आला की प्रॉक्सीनं बाजूला व्हायचं. मग खऱ्या माणसाला तिथे न्यायचं.

रविवारी दुपारी बाबांना उठवलं. उठतात, चालवलं तर चालतात. त्यांच्या अंगात रोजचाच निळा बुशशर्ट होता, धुऊन धुऊन विटलेला. मी हात धरला आणि बाजारातून निघालो. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या शेठनं हाक मारली, "अरे गुणवंतभाई, बहुत दिन बाद! तबियत कैसी है?" बाबा त्याच्या आरपार बघत पुढे गेले. शेठनं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. लोक वळून बघत होते. कोठडीतून काढलेल्या राजाला त्या सरदारांनी लंडनमधून असंच नेलं असणार, हे डोक्यात आलं आणि मी पावलं उचलली.

हॉलमध्ये तिघंही होते. खुर्चीत तो.

मी बाबांना घेऊन मध्यभागी उभा राहिलो. सुचेताताईंनी एकदा खुर्चीकडे बघितलं, एकदा आमच्याकडे, आणि मग डोळे हातातल्या कागदांवर टेकवले. बबनकाका "आयला" म्हणाले आणि चहाचा थर्मास उघडत बसले. पंढरीनाथकाकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"शुक्रवारी स्पर्धा आहे, रोशन."

"काका, दोन आहेत! तुम्हाला दिसत नाहीयेत का?"

"दिसतायत की." आवाज थोडा फाटला होता, पण तेवढाच. "एक बसलाय. तुझा उभा आहे. त्याला बाकावर बसव, दमेल."

"हे माझे बाबा आहेत!"

"असतील. पण भाषण येतं का त्यांना?" काका खुर्चीकडे बोट न दाखवता नुसती हनुवटी हलवून म्हणाले, "त्याला येतं. काल बोलला. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

मी सुचेताताईंकडे बघितलं. त्या कागदातूनच म्हणाल्या, "छान म्हटलं रे त्यांनी."

ही माणसं मला वळण लावायला निघाली होती. कॉलेज का सोडलंस, मोठ्यांशी कसं बोलावं, केस काप. आणि आता तिघं मिळून एका गोष्टीकडे बघत नव्हती.

"उठवा त्याला."

"मी नाही उठवणार," काका म्हणाले. "चांगला बसलाय."

मग मीच उठवायचं ठरवलं. बाबांचा हात न सोडता खुर्चीसमोर गेलो. रीत माहीत होती. नाव घ्यायचं आणि 'ऊठ' म्हणायचं. पण त्याचं नाव काय? मला एकच नाव सुचलं. आयुष्यात पहिल्यांदा मी बापाचं नाव घेतलं.

"गुणवंत, ऊठ."

तो उठला.

माझ्या मुठीतला हात सुटला. बाबा पुढे झाले. अरुंद जिन्यात शेजारी एकमेकांना वाट देतात तसे ते दोघं एकमेकांच्या बाजूनं गेले, आणि बाबा खुर्चीत बसले. दुसऱ्यानं स्वतःच्या अंगावरची शाल काढली आणि बाबांच्या खांद्यांवरून, डोक्यावरून नीट पांघरली, झोपलेल्या पोराला पांघरतात तशी. तो वाकला होता. कॉलरच्या वर, मानेच्या खळग्यात, मला नाडीची गाठ दिसली. पांढरी, जाड नाडी. खोळीला असते तशी. लोक गळ्यात गंडे बांधतात, मला माहीत आहे. असेल.

मग तो वळला. बाबांचा चेहरा. हसत होता.

"चल रे," तो म्हणाला. "आई वाट बघत असेल. दमलास ना?"

मी बाबांना ओढलं, दंडाला धरून, काखेत हात घालून. हलेनात. सिमेंटच्या गोणीसारखे. "बाबा, उठा. गुणवंत, ऊठ!" माझ्यामागून उत्तर आलं, "अरे, उभाच आहे मी."

बबनकाकांनी मला बाजूला घेतलं. "शुक्रवारपर्यंत राहू दे रे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडाला चहाचा वास येत होता. "मग बघू."

६

सोमवारी तो गोदामात गेला. मॅनेजर खूश. घरी येताना भजी आणली. जेवताना बोलायचा, शेजाऱ्यांच्या नकला करायचा, आईच्या आमटीला नाव ठेवून परत तीच मागून घ्यायचा. आई वाढायची आणि "हं" म्हणायची. रात्री ती अंथरूण स्वयंपाकघरात टाकायला लागली. म्हणाली, बाहेर पंख्याचा आवाज फार होतो.

मी तिला काय सांगणार होतो? पोलिसांना तरी काय सांगणार होतो? माझा बाप सुधारलाय, कृपया तक्रार घ्या?

एका संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन बसला. "रोशन, तुला काय करायचंय पुढे? मी ओरडणार नाही. मला खरंच ऐकायचंय."

हे वाक्य मला वीस वर्षं हवं होतं. आणि मला उत्तर द्यावंसं वाटलं. तोंड उघडलंसुद्धा. मग नजर त्याच्या हातांवर गेली. बोटांच्या सांध्यांवर बारीक रेघा उमटायला लागल्या होत्या.

मी पायात चपला न घालता हॉलवर धावलो. तालीम अजून सुरू व्हायची होती. बाबांचा हात शालीतून ओढून काढला, दिव्याखाली धरला. एकट्या करंगळीवर थोड्या सुरकुत्या राहिल्या होत्या. बाकी बोटं गुळगुळीत.

"बाबा, मी आहे. बाबा." मी हात चोळत होतो, चुरगाळत होतो, म्हणजे काहीतरी घडी पडेल. "मला 'बरं' म्हणा. एकदाच म्हणा ना."

बाबांची नजर खाली होती. पाठीमागे पंढरीनाथकाका उदबत्ती लावत होते. "त्याचं लक्ष विचलित करू नकोस," ते म्हणाले.

७

स्पर्धा ठाण्याला होती, आमचा प्रयोग सकाळचा. मी विंगेत उभा होतो. कुणी हटकलं नाही, मला कामच तसं दिलं होतं: अंक बदलला की खुर्ची फिरवायची.

दुसऱ्या अंकात बाबा बसले. मी बरीच नाटकं बघितली आहेत, पण प्रेक्षागृह तसं गप्प झालेलं कधी बघितलं नाही. कुणी खोकेना. राणीनं पोर समोर धरलं आणि राजानं नजर वळवली नाही, कारण ती कुठे नव्हतीच. पहिल्या रांगेतल्या एक बाई तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेल्या. परीक्षक पुढे वाकले होते. त्यांना वाटत होतं ते अभिनय बघतायत.

अंधारात खुर्ची फिरवली. बबनकाका आणि पंढरीनाथकाकांनी बाबांना दोन बाजूंनी उचललं. सवयीनं उचललं, एक जण काखेत, एक जण गुडघ्यांखाली. विंगेत रंगवलेल्या पडद्यांमागे नेऊन ठेवलं. तो दुसरा माझ्या अंगावरून पुढे गेला, जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि खुर्चीत बसला. उजेड आला.

काय बोलला! गादी परत मिळालेला राजा मी तेव्हा बघितला. आवाज वर गेला, फुटला, हसला. लोक भाषणाच्या मध्येच टाळ्या वाजवायला लागले. मी मात्र पडद्यांमागे बघत होतो. शाल पूर्ण तोंडावर आली होती. तिच्या आत कुणाचा श्वास चालू असेल तर तो मला त्या टाळ्यांत ऐकू येत नव्हता.

दुपारी निकाल लागला. अभिनयाचं पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं. पंढरीनाथकाका रडले. सुचेताताई त्याआधीच, मेकअप न उतरवता, निघून गेल्या होत्या. नंतर कधी त्या मंडळात आल्या नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगतो.

८

सामान टेम्पोत भरत होतो. तो बबनकाकांच्या गाडीतून पुढे निघून गेला होता, हार गळ्यात घालून. "लवकर ये रे, आईला सांगू दोघं मिळून," म्हणाला होता.

ट्रंका गेल्या, पडदे गेले, खुर्ची गेली. पंढरीनाथकाका यादीशिवायच एकेक नाव घेत होते. "तलवारी. मुकुट. लोड."

लोड म्हणताना त्यांनी बघितलं शालीच्या गाठोड्याकडे. पडद्यांना टेकून होतं. शाल चारी बाजूंनी खोचलेली, वरून सुतळीनं बांधलेली. कुणी बांधली, माहीत नाही.

"काका, हे लोड नाहीये."

"मग काय आहे?" त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. बघू शकले, याचाच मला राग आला. "सोड ना ती गाठ. बघ काय आहे. मी थांबतो."

मी सुतळीला हात घातला. घातला आणि तिथेच थांबलो. आत काय असेल याची दोनच उत्तरं होती आणि मला दोन्ही बघायची नव्हती. बघितलं असतं तर जे दिसलं असतं तेच कायमचं राहिलं असतं.

मी खाली बसलो, गाठोडं पाठीवर घेतलं, पुढे दोन्ही हातांनी धरलं आणि उभा राहिलो.

"रोशन, ते मंडळाचं सामान आहे!"

"मग पोलिसात जा," मी म्हणालो. "सांगा काय चोरलं ते."

रिक्षावाल्यानं आरशातून एकदा विचारलं, "बीमार है क्या कोई?" मी हो म्हणालो. घोडबंदर रोडला खड्डा आला की मी गाठोड्याला मिठी मारून धरत होतो. ते कधी पोत्यासारखं कलंडायचं आणि कधी माझ्या खांद्यावर अंग टाकल्यासारखं. दोन्हीत फरक काय असतो, हे मी संपूर्ण रस्ता ठरवायचा प्रयत्न करत होतो.

बिल्डिंगमध्ये दिवेलागण झाली होती. तीन जिने चढलो. आमच्या दारामागून त्याचं हसणं ऐकू येत होतं, शेजारी आले असावेत, बक्षिसाचं सांगत होता.

बेल वाजवली नाही. दारावर नख मारलं. आईनं दार किलकिलं केलं, मला बघितलं, पाठीवरचं ओझं बघितलं. मी शब्द जुळवत होतो. आई, ऐक, घाबरू नकोस, मी वेडा नाही. ती बाहेर आली, दार मागे ओढून घेतलं, शालीवर तळवा ठेवला आणि हळूहळू खाली आणला. कमरेपाशी थांबवला.

"इथून धर," ती कुजबुजली. "त्यांची कंबर दुखते. असा लोंबता नको आणूस."

"आई, तुला—"

"पहिल्या घासाला कळलं मला. बावीस वर्षं वाढतेय मी." तिनं पदरानं डोळे पुसले नाहीत, नाक पुसलं. "चल. पाहुण्यांचं लक्ष त्याच्याकडे आहे. सरळ आत जा."

आम्ही दोघांनी धरलं. बाहेरच्या खोलीतून चार पावलं, भिंतीला लागून. तो पाठमोरा उभा होता, हात वर करून भाषणातलं काहीतरी म्हणून दाखवत होता. स्वयंपाकघरात आईची सतरंजी आधीच पसरलेली होती. शेजारी दुसरी उशी होती. तीही आधीच ठेवलेली.

टेकवताना आईनं डोक्याखाली हात दिला.

बाहेरचा आवाज मध्येच थांबला. वाक्याच्या अर्ध्यात.

"मंदा? कोण आलंय गं?"

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. तिची बोटं सुतळीच्या गाठीवर होती आणि ती गाठ सोडवत होती, घाई न करता.

"कुणी नाही," ती तिच्या रोजच्या आवाजात म्हणाली. "रोशन आलाय."

पावलं स्वयंपाकघराच्या दिशेनं यायला लागली. आईनं पायानं दार लोटलं आणि मला म्हणाली, "कडी लाव."